श्रुतिकाची मावशी

श्रुतिका घाडीने आपल्या आईला निबंधात मारलं, तेव्हा आई बाजूच्याच खोलीत चपात्या लाटत होती.

भांडुपला टेकडीच्या अंगाला घाडींच्या दोन खोल्या. श्रुतिकाचे आजोबा कणकवलीकडून गिरणीत आले, गिरणी गेली, वडील दशरथ एका औषध कंपनीच्या गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर झाले. आई सुगंधा ऑफिसांच्या डब्यांसाठी चपाती-भाजी करून द्यायची, रविवारी घावणे. मोठा भाऊ सर्वेश घाटकोपरला मोबाइलच्या दुकानात. श्रुतिका इंजिनिअर झाली आणि अंधेरीच्या एका लॅबमध्ये हवेचे आणि पाण्याचे नमुने तपासायला लागली. तिथे एक वर्ष काढल्यावर तिने ठरवलं, अमेरिकेत जाऊन एमएस करायचं. विषयही ठरलेला होता, हवेचं प्रदूषण.

मार्क चांगले होते. परीक्षा झाल्या, सरांची शिफारसपत्रं झाली. अडलं ते एसओपीपाशी. आपण कोण आणि हेच का शिकायचंय हे सांगणारा तो निबंध. मुलुंडच्या ज्या क्लासमध्ये ती जात होती, तिथल्या तेजल मॅडमनी तिचा पहिला मसुदा वाचला आणि परत दिला. त्यांचं म्हणणं, यात चूक काही नाही, पण हा कुणाचाही असू शकतो. असे शेकडो ते लोक रोज वाचतात आणि बाजूला टाकतात. तुझं स्वतःचं काय दुखलंय ते लिही. घरात कुणाला श्वासाचा त्रास आहे का?

श्रुतिका म्हणाली, आईला थंडीत जरा दम लागतो. मॅडम म्हणाल्या, मग तिथून सुरू कर.

मॅडम एवढंच म्हणाल्या होत्या. पुढचं सगळं श्रुतिकाचं.

दुसऱ्या मसुद्यात आईला कायमचा दमा झाला. खाडीकडून कचऱ्याचा वास आला की ती खिडकीला ओली चादर लावते, हे श्रुतिकाने लिहिलं, आणि ते खरं होतं. तिसऱ्या मसुद्यात आईला हॉस्पिटलमध्ये नेलं. चौथ्यात ती गेली. जाताना लेकीचा हात धरून म्हणाली, तू मोकळा श्वास घे. हे वाक्य लिहिताना श्रुतिका खरीखुरी रडली. नाक ओढल्याचा आवाज ऐकून सुगंधाने स्वयंपाकघरातून विचारलं, सर्दी झाली का गं, आणि आल्याचा चहा आणून तिच्या लॅपटॉपशेजारी ठेवला.

त्या निबंधात मरणाखेरीज बाकी जवळजवळ सगळं खरं होतं. मनगटावर तव्याचे जुने चटके, एकाखाली एक, पट्टीने आखल्यासारखे. पिठाचे हात तसेच घेऊन लेकीला उठवायला येणारी आई, आणि शाळेच्या युनिफॉर्मच्या कॉलरवर दिवसभर राहिलेला पांढरा ठसा. मुलीला शिकवता यावं म्हणून तिच्याबरोबर इंग्रजीची पुस्तकं पहिलीपासून वाचत गेलेली आणि पाचवीच्या पुस्तकाशी थांबलेली. श्रुतिकाने यातलं एकही वाक्य आईला कधी बोलून दाखवलं नव्हतं. घरात असं कुणी बोलत नसे.

सर्वेशने तो निबंध वाचला, कारण स्पेलिंग बघायला तिने त्याच्याकडे पाठवला होता. त्याने वडिलांना सांगितलं. दशरथांनी विचारलं, याने होईल का काम? सर्वेश म्हणाला, शंभर टक्के होईल. तेव्हा दशरथ म्हणाले, तिला इंग्रजी कुठे कळतंय. आणि विषय मिटला.

मार्चमध्ये ओहायोतल्या एका विद्यापीठाचं उत्तर आलं. प्रवेश तर होताच, वर फी माफ आणि एका प्राध्यापिकेच्या हाताखाली संशोधनाचं काम. वॉल्श नावाच्या त्या बाईंनी वेगळी मेल करून लिहिलं होतं की तुझा निबंध मी दोनदा वाचला. सुगंधाने त्या दिवशी प्रत्येक डब्यात चपात्यांवर शिऱ्याची एकेक मूद ठेवली, आणि डबे न्यायला आलेल्यांपैकी ज्याने विचारलं त्याला आणि ज्याने नाही विचारलं त्यालाही सांगितलं की मुलगी अमेरिकेला चालली.

एप्रिलमध्ये क्लासने मुलांचा सत्कार ठेवला. मुलुंडलाच एक हॉल घेतला होता. श्रुतिकाने घरी सांगितलं, कुणी यायची गरज नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. पण तेजल मॅडमनी दशरथांना थेट फोन करून सगळ्या कुटुंबाला बोलावलं. आई मध्यंतरी गेली, असंच त्या निबंध वाचून धरून चालल्या होत्या. सुगंधाच्या ऑर्डरी खोळंबतील, असं श्रुतिका दोनदा म्हणाली. सुगंधाने त्या दिवशी स्वयंपाकघर बंद ठेवलं. लग्नाकार्यातली मोरपंखी साडी नेसली, आणि निघताना लेकीला विचारलं, ही चालेल ना गं, तिथे मोठे लोक असणार.

हॉलमध्ये शिरल्यावर श्रुतिकाने आईला मागच्या रांगेत बसवलं. पुढे एसीचा थेट झोत आहे, तुला सहन होणार नाही म्हणाली. दशरथ आणि सर्वेश पुढे बसले. सुगंधाला वाटलं, लेकीला काळजी आहे.

पाच-सहा मुलांचे सत्कार झाले. मग तेजल मॅडमनी श्रुतिकाचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, माझ्या इतक्या वर्षांत असा निबंध माझ्या हाताखालून गेला नाही, त्यातला एक भाग मी वाचून दाखवते. श्रुतिका स्टेजवर होती. ती मॅडमच्या जवळ जाऊन कानात काहीतरी म्हणाली. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाल्या, ती नको म्हणतेय, लाजतेय. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडम सावकाश वाचत होत्या. सुगंधाला 'मदर' कळलं, 'हँड्स' कळलं, 'फ्लोअर' की 'फ्लावर' यात ती थोडी अडखळली, मग लक्षात आलं, पीठ. तिने नकळत आपलं मनगट उलटं करून पाहिलं. चटके होते तिथेच होते. हे हिने कधी बघितलं, असं तिच्या मनात आलं. तिचे डोळे भरून आले आणि आपण रडतोय हे शेजारच्या बाईला दिसू नये म्हणून ती मान खाली घालून बसली.

मग 'पास्ड अवे' आलं. हे दोन शब्द तिला चांगले माहीत होते. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी यायचे. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण मॅडमनी कागद बाजूला ठेवून पालकांसाठी मराठीत सांगितलं की या मुलीची आई दूषित हवेने गेली, चपात्या लाटून मुलीला शिकवणारी बाई, आज ती हे बघायला हवी होती. मग त्यांनी वडिलांना स्टेजवर बोलावलं.

दशरथ उठले. एकदा मागे वळून त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं, आणि पुढे गेले. त्यांच्या खांद्यावर शाल घातली गेली. त्यांनी हात जोडले. सर्वेश फोनमध्ये बघत होता.

शेजारची बाई रुमालाने डोळे टिपत होती. गुजराती असावी. तिने सुगंधाला विचारलं, "आप उनके साथ आयी हैं ना? आप कौन लगती हैं उसकी?"

सुगंधाने साडीचा पदर नीट केला. म्हणाली, "मौसी."

घरी आल्यावर तिने साडी बदलली, घडी घालून कपाटात ठेवली, आणि मग बाहेरच्या खोलीत येऊन तिघांकडे पाहत विचारलं, कुणाकुणाला माहीत होतं. सर्वेश म्हणाला, आई, ते फक्त एका फॉर्मपुरतं होतं. दशरथ म्हणाले, तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.

"वाईट नाय वाटला," सुगंधा म्हणाली. राग आला की तिच्या तोंडून गावचं निघायचं. "शाल बरी असा. दाखव बघू."

दशरथांनी शाल पिशवीतून काढलीच नाही. श्रुतिका तोवर रडायला लागली होती. रडत रडत ती समजावून सांगत होती. तिथे सगळ्यांचे मार्क सारखेच असतात. ज्यांच्याकडे मोठी कॉलेजं आणि ओळखी असतात त्यांना निबंध लागतच नाही. आपल्याकडे काय होतं?

"मी होतंय ना," सुगंधा म्हणाली.

"तू असताना माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आई." श्रुतिकाने हे अगदी खरेपणाने सांगितलं. तिला ते तोंडातून निघाल्यावर ऐकू आलं असावं, कारण ती लगेच गप्प झाली.

सुगंधाने विचारलं, "ते हाताचं लिहिलंस, आणि कॉलरचं. ते खरं?"

"खरं."

"मग मी असताना बोलली का नाहीस?"

सुगंधा उठून पीठ मळायला गेली. दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरी होत्या.

सकाळी श्रुतिकाने हाक मारली, आई, माझा टॉवेल कुठाय? सुगंधा चपाती भाजत राहिली. श्रुतिकाने दोनदा, तीनदा हाक मारली. मग ती स्वयंपाकघरात आली आणि आईच्या खांद्याला हात लावला, तेव्हा सुगंधाने वळून सौम्य आवाजात विचारलं, "कुणाला शोधतेस? तुझी आई तर गेली. मी मावशी."

श्रुतिकाला आधी ती चेष्टा वाटली. संध्याकाळपर्यंत कळलं की नाही. आई म्हटलं की सुगंधा ऐकत नसे. भिंतीशी बोलावं तसं ते वाया जाई. मावशी म्हटलं की लगेच वळे, हवं ते देई, वर दोन शब्द मायेचेही बोले. सर्वेशची ती आईच राहिली. दशरथांशी मात्र ती फार अदबीने बोलायला लागली. त्यांना जेवायला वाढताना म्हणायची, घ्या भावोजी. पहिल्या दिवशी त्यांनी ताट सरकवलं. तिने ते उचलून झाकून ठेवलं आणि भूक लागली की सांगा म्हणाली. तिसऱ्या दिवशी ते गप जेवले.

हे घरातल्या घरात राहिलं असतं. पण क्लासने सत्काराचा व्हिडिओ करून टाकला. पुढे श्रुतिकाचा फोटो, मागे वाजणारी बासरी, आणि खाली मोठ्या अक्षरात, आईच्या शेवटच्या श्वासासाठी. मुलुंड-भांडुपमध्ये तो सगळीकडे फिरला. श्रुतिकाची शाळेतली मैत्रीण श्वेता लग्न होऊन बोरिवलीला होती. तिला तो कुणीतरी पाठवला. ती दुसऱ्याच दिवशी रिक्षाने, मग बसने, पांढरा ड्रेस घालून आली. दार सुगंधाने उघडलं.

श्वेता भिंतीला टेकली. लहानपणी ती याच दारात अर्धी चपाती गुळाबरोबर खात उभी राहायची. सुगंधाने तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं, घाबरू नकोस, मी तिची मावशी, दिसायला आम्ही बहिणी सारख्याच. तुझी मैत्रीण आत आहे, भेट तिला, धीर दे. श्वेता आत गेली. दाराआडून काही वेळ नुसती कुजबुज आली. बाहेर पडली तेव्हा तिने सुगंधाच्या पायांना हात लावला, श्रुतिकाकडे न बघता निघून गेली, आणि नंतर तिने श्रुतिकाचा फोन कधी घेतला नाही.

मग वाडीतही कळलं. दशरथांच्या गोडाऊनमधल्या लोकांनी त्यांना बाजूला घेऊन सांत्वन केलं, आणि आठवड्याने त्यातल्याच एकाने सुगंधाला भाजी घेताना पाहिलं. त्यावरून जे काही बोललं गेलं ते दशरथांनी घरी सांगितलं नाही. पण ते त्यानंतर डबा कोपऱ्यात बसून एकटेच खाऊ लागले. शेजारणी सुगंधाला विचारायच्या, वहिनी, हे काय ऐकतोय? ती सगळ्यांना एकच सांगायची. ती वहिनी गेली, मी तिची बहीण, पोरीचं अमेरिकेचं होईपर्यंत राहिलेय. काहीजणी हसायच्या. एकदोघी हसताहसता थांबायच्या.

श्रुतिकाने क्लासमध्ये जाऊन व्हिडिओ काढायची विनंती केली. कारण सांगावं लागलं. तेजल मॅडमनी ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. दार लावून घेतलं आणि खूप वेळ टेबलावरच्या पेनशी चाळा करत बसल्या. निबंध आम्ही लिहून देत नाही, हे आमच्या फॉर्मवर छापलेलं आहे, एवढं त्यांनी पहिलं सांगितलं. मग म्हणाल्या की तिकडे कळलं तर तुझा प्रवेश रद्द होईल, आणि पुढच्या वर्षी माझ्या क्लासच्या मुलांकडेही ते लोक संशयाने बघतील. आईला गप्प राहायला सांग.

श्रुतिका म्हणाली, ती माझं ऐकत नाही.

म्हणून मॅडम स्वतः भांडुपला आल्या. चढ चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. सुगंधाने त्यांना पंख्याखाली बसवलं, कोकम सरबत दिलं. मॅडमनी घराकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं. निबंधात वाचलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. त्या म्हणाल्या, झालं ते चुकीचं झालं, पण मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुम्ही समजूतदार आहात. आई आहात.

"मावशी," सुगंधा म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना माइकवर? शंभर माणसांपुढे. आता मी कुठे काय वेगळं बोलते? तुमचंच सांभाळून घेते आहे."

मॅडमनी सरबत संपवलं. ही बाई खरोखरच कुणाला काही सांगत नव्हती. जे लिहिलं होतं तेच ती जगत होती. उठताना मॅडम म्हणाल्या की व्हिडिओ आज काढते. सुगंधाने त्यांना चार घावणे बांधून दिले.

ऑगस्टमध्ये श्रुतिका निघाली. सामान सुगंधानेच भरलं. कुळथाचं पीठ, सोलं, मसाला, थंडीत छातीला चोळायला तेल. प्रत्येक पुडीवर तिने आपल्या पाचवीच्या इंग्रजीत नाव लिहिलं. पोरीला काही कमी पडू दिलं नाही. विमानतळावर ती आली नाही. घरातून निघताना श्रुतिका वाकली, तेव्हा ती दोन पावलं मागे सरली.

"मेलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत," ती म्हणाली. "फोटोच्या पडतात. फोटो काढून लावायचा राहिला."

दशरथ म्हणाले, "पुरे आता. पोर चाललीय."

"मग जाऊ दे की. तिच्या मावशीने काय धरून ठेवलीय?"

श्रुतिका तशीच वाकलेली होती. मग तिने जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि बॅग उचलली.

तिकडे तिचं चांगलं चाललं. वॉल्श बाई फार मायाळू निघाल्या. त्यांचीही आई त्या लहान असतानाच गेलेली. त्यांनी श्रुतिकाला घरी जेवायला बोलावलं, थंडीचा कोट दिला. लॅबमध्ये कुणी नवीन आलं की त्या श्रुतिकाची ओळख करून देताना आवाज खाली आणत. आईबद्दल विचारलं की श्रुतिका थोडक्यात सांगायची आणि विषय बदलायची. व्हिडिओ कॉल ती वडिलांच्या नंबरवर करायची. एकदा लॅबमधल्या मुलीने विचारलं, मागे दिसली ती बाई कोण? श्रुतिकाने सांगितलं, माझी मावशी, तिनेच मला सांभाळलं.

ते वॉल्श बाईंच्या कानावर गेलं. त्यांना फार भरून आलं. त्यांनी म्हटलं, मला तुझ्या मावशीशी बोलायचंय, तिचे आभार मानायचेत. श्रुतिकाने टाळलं. पुन्हा टाळलं. शेवटी तिच्या वाढदिवसाला बाईंनी लॅबमध्ये केक आणला आणि म्हणाल्या, आता तुमच्याकडे संध्याकाळ असेल, लाव फोन.

भांडुपला दिवेलागणीची वेळ होती. सर्वेशने फोन धरला. पडद्यावर श्रुतिका होती, तिच्या बाजूला पिकल्या केसांची एक गोरी बाई, मागे तीन-चार मुलं. श्रुतिकाचा चेहरा पांढरा पडला होता. बाईंनी हात जोडून 'नमस्ते' केलं. सुगंधाने तोंड पुसलं आणि नमस्ते केलं.

बाई बोलल्या, श्रुतिकाने मराठीत सांगितलं. त्या म्हणतायत की तुम्ही फार मोठं काम केलंत. त्या म्हणतायत, तुमच्या बहिणीबद्दल काहीतरी सांगा.

सुगंधाने विचारलं, "मी सांगेन ते जसंच्या तसं सांगशील?"

श्रुतिकाने मान हलवली.

"सांग, माझी बहीण धडधाकट होती. कधी आजारी म्हणून पडली नाही."

श्रुतिकाने ते सांगितलं. बाईंनी मान डोलावली.

"सांग, ती अचानक गेली. एका दुपारी. घरातली सगळी माणसं तिथेच होती. सगळ्यांना माहीत होतं ती जातेय म्हणून. तिलाच कुणी सांगितलं नाही."

श्रुतिका थांबली. मग तिने इंग्रजीत सांगितलं. सगळं नाही सांगितलं, हे सर्वेशला कळलं. सुगंधालाही कळलं.

"जसंच्या तसं," ती म्हणाली.

श्रुतिकाने पुन्हा सांगितलं. बाईंनी तिच्या खांद्याला हात घातला. त्यांना वाटलं, भारतात मरणाऱ्या माणसाला आजार सांगत नाहीत, तसं काहीतरी असेल. मागची एक मुलगी डोळे पुसत होती.

"सांग, तिची मुलगी तिच्याजवळ बसली होती. रडत होती. बहिणीला वाटलं सर्दी झाली. तिने तिला चहा करून दिला."

हे वाक्य श्रुतिकाने अर्ध्यावर सोडलं. ती खाली बघत राहिली. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि पडद्याकडे बघून भरल्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. भाषांतर करायला कुणी नव्हतं. सर्वेशने म्हटलं, त्या सॉरी म्हणतायत, तुझ्या बहिणीसाठी. सुगंधाने हात जोडले. "थँक यू," ती म्हणाली. "शी वॉज गुड मदर."

फोन बंद झाल्यावर सर्वेशने तो खाली ठेवला आणि म्हणाला, आई, तू माणूस आहेस का? असं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. दशरथ दारात उभे होते. सुगंधाने परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं आणि मळायचं सोडून तशीच बसून राहिली. पोरीचा वाढदिवस होता, आणि तिला कुणी जेवलीस का विचारलं नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस श्रुतिकाचा फोन आला नाही. दशरथांना मेसेज यायचे, ठीक आहे, काम खूप आहे. सुगंधाचा राग त्या संध्याकाळी संपला होता. बोलून टाकल्यावर आत काही शिल्लकच राहिलं नाही, असं तिला वाटे. ती दशरथांना भावोजी म्हणायचं विसरायला लागली. एकदा त्यांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं, पुन्हा सुरू होऊ नये म्हणून. डबे भरताना तिच्या मनात यायचं की तिकडे बर्फ पडत असेल, तेल लावते की नाही कोण जाणे. तिने मनाशी ठरवलं, आता तिने आई म्हणून हाक मारली की ओ द्यायची. काही बोलायचं नाही, माफ बिफ नाही, नुसती ओ द्यायची. पुढचं आपोआप होईल.

फोन आला तो एका रविवारी सकाळी, आणि पहिल्यांदाच सुगंधाच्या नंबरवर. ती घावण्यांचं पीठ ढवळत होती. हात तसेच पुसून तिने फोन उचलला. पडद्यावर श्रुतिका दिसली. केस कापले होते. गाल भरले होते. मागे दोन-तीन माणसांच्या हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. सुगंधाने तोंड उघडलं, ओ तिथे तयार होती.

"मावशी," श्रुतिका म्हणाली, "कशी आहेस?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ती अगदी सहज बोलली. मग मागे वळून कुणालातरी इंग्रजीत काही सांगितलं, त्यात 'आँट' होतं, आणि पुन्हा पडद्याकडे बघून हसली. सुगंधा तिच्याकडे बघत राहिली. श्रुतिकाने विचारलं, आवाज येतोय ना?

"येतोय," सुगंधा म्हणाली. "बरी आहे मी."

मग श्रुतिका खूप बोलली. इतकी ती आईशी कधीच बोलली नव्हती. लॅबमधलं सांगितलं, रूममेटचं सांगितलं, कुळथाची पिठी जमत नाही, गुठळ्या होतात, त्या कशा मोडायच्या ते विचारलं. सुगंधाने सांगितलं, आधी गार पाण्यात कालव आणि मग उकळीत सोड. श्रुतिकाने ते लिहून घेतलं. वॉल्श बाईंनी पुढचं संशोधनही तिथेच करायला सांगितलंय, चार-पाच वर्षं तरी जातील, असंही तिने मध्येच सांगितलं. सुट्टीत येण्याबद्दल सुगंधाने विचारलं. तेव्हा ती म्हणाली, बघू, तिकडे येऊन तरी काय, सगळे तेच विचारणार.

"चल मावशी, ठेवते. काळजी घे हं."

सुगंधा म्हणाली, "हो. तूही घे."

तवा तापून धूर यायला लागला होता. तिने त्यावर पाण्याचा हबका मारला आणि पहिला घावणा घातला.